नाताळच्या गाण्यांचं स्वस्त संकलन: दरवर्षी एक, पण मागचं कव्हर वाचून

माझगावकर (धागाकर्ता)

आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे चार आठवडे, सुरू झाला की नाताळच्या गाण्यांचं एखादं स्वस्त संकलन घरी आणायचं, ही पद्धत मुंबईत माझगाव-भायखळ्यापासून बांद्रा, ऑर्लेम आणि पार वसईपर्यंत अनेक घरांत आहे. आधी एलपी, म्हणजे मोठ्या काळ्या तबकड्या होत्या, मग कॅसेट, मग सीडी. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं आणि नवी सीडी हातात घेऊन उलटून बघायची सोय जवळपास संपली. जुना माल मात्र शहरात भरपूर फिरतो आहे आणि अजून तरी स्वस्त आहे.

ही पद्धत चालू राहावी असं मला मनापासून वाटतं. संकलनात कुणीतरी गाणी निवडून क्रमाने लावलेली असतात, आणि त्यातली चार-पाच तरी आपण होऊन कधीच शोधली नसती. अट एकच: पैसे देण्याआधी मागचं कव्हर पूर्ण वाचायचं. फसवणूक आणि खजिना, दोन्ही तिथेच बारीक अक्षरात छापलेलं असतं.

सगळ्यात आधी गायकाचं नाव प्रत्येक गाण्यासमोर आहे का ते बघा. नुसती गाण्यांची यादी असेल आणि गायक नसेल, तर आत बहुतेक वेळा स्टुडिओतल्या अनाम मंडळींनी केलेली नक्कल असते. ‘अमुकच्या शैलीत’, ‘अमुकने लोकप्रिय केलेलं’, ‘ट्रिब्यूट’ हे शब्द दिसले की तेच समजा. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे: गायक खरा, पण रेकॉर्डिंग मूळ नाही. ‘मूळ कलाकाराने पुन्हा ध्वनिमुद्रित केलेलं’ अशी ओळ तळाशी, बारकोडच्या शेजारी असते. बॉबी हेल्म्सचं ‘जिंगल बेल रॉक’ मूळ १९५७ चं आहे. त्याने पुढे ते अनेकदा पुन्हा गायलं, आणि स्वस्त डिस्कवर बरेचदा ही नंतरची आवृत्ती येते. मूळ गाणं दोन मिनिटं दहा सेकंदांच्या आसपास आहे. ब्रेंडा लीचं १९५८ चं ‘रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री’ साधारण दोन मिनिटं पाच सेकंद. कव्हरवर वेळ छापलेली असेल आणि ती यापेक्षा वीस-तीस सेकंदांनी वेगळी असेल, तर शंका घ्या.

मग संख्या. ऑडिओ सीडीवर जास्तीत जास्त ७४ ते ८० मिनिटं बसतात, म्हणजे तीन मिनिटांची पंचवीस-सव्वीस गाणी. एकाच ऑडिओ सीडीवर ‘५० गाणी’ म्हटलं असेल तर ती मेडलीत (तुकड्यांच्या सलग जोडणीत) तोडून बसवलेली आहेत, किंवा ती मुळात दाबून लहान केलेल्या फाइलींची एमपी३ डिस्क आहे.

चौथी गोष्ट किंमत. माझा सल्ला असा की वरची मर्यादा आधीच ठरवावी आणि ती दरवर्षी बदलू नये. जुन्या सीडीला २०० रुपयांच्या वर जाऊ नये, कॅसेटला त्याच्या निम्म्याच्या वर. मर्यादा असली की हात आपोआप निवडक होतो.

इथल्या जाणत्यांनी भर घालावी. रेकॉर्ड आणि कॅसेटबद्दल खास करून.

---

जुनी_तबकडी

चांगला धागा. ‘व्हाइट ख्रिसमस’बद्दल एक भर, कारण ते प्रत्येक संकलनात असतंच. बिंग क्रॉस्बीने अर्व्हिंग बर्लिनचं हे गाणं आधी १९४२ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. त्याचा मास्टर (ज्यावरून प्रती काढतात ते मूळ) इतका वापरला गेला की झिजला, म्हणून १९४७ मध्ये जॉन स्कॉट ट्रॉटरचाच वाद्यवृंद आणि केन डार्बीचेच गायक बोलावून ते पुन्हा केलं. आपण ऐकतो ते जवळपास नेहमी १९४७ चं असतं. त्यात सुरुवातीला बासरी आणि चेलेस्टा (घंटांसारखा वाजणारा छोटा पियानो) आहेत, १९४२ च्यात नाहीत. एखाद्या स्वस्त संकलनात १९४२ चं सापडलं तर ती डिस्क तेवढ्यासाठीच घ्यावी.

म्हणजे ‘पुन्हा ध्वनिमुद्रित’ हा शब्द दिसला की लगेच खाली ठेवा, हे सरसकट लागू होत नाही. नॅट किंग कोलचं ‘द ख्रिसमस साँग’ घ्या. १९४६ मध्ये दोनदा, मग १९५३ मध्ये, मग १९६१ मध्ये स्टिरिओत. रेडिओवर वाजतं ते १९६१ चं, राल्फ कार्मायकेलच्या वाद्यवृंदासह. चारही चांगली आहेत. प्रश्न फक्त तेव्हा येतो जेव्हा गायक उतारवयात, दोन कीबोर्ड आणि ड्रम मशीन घेऊन, हक्क नसलेल्या कंपनीसाठी तेच गाणं उरकतो.

---

सोपारेकर

बोनी एम या गटाचं मूळ रेकॉर्डिंग कसं ओळखायचं? प्रत्येक ठिकाणी दिसतं.

---

माझगावकर

सोपारेकर, नाव नीट वाचा. ‘मेरीज बॉय चाइल्ड / ओ माय लॉर्ड’ १९७८ चं, ‘ख्रिसमस अल्बम’ १९८१ चा. तिथे नाव नुसतं ‘बोनी एम.’ असतं. ‘बोनी एम. सोबत अमुक’ असं एखाद्या सदस्याचं नाव जोडलेलं असेल, तर गट फुटल्यानंतरचं रेकॉर्डिंग धरा. मूळ रेकॉर्डवरचा जाड पुरुषी आवाज निर्माता फ्रँक फारियानचा स्वतःचा आहे, तो कानाला लगेच कळतो.

हेच गाणं हॅरी बेलाफाँटेने १९५६ मध्ये गायलं आहे, आणि जिम रीव्हजने १९६३ च्या ‘ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस’मध्ये. तिन्ही असलेलं संकलन अजून पाहिलं नाही, पण तीन वर्षांच्या तीन खरेद्यांत ती जमवता येतात.

---

खाच_आणि_सुई

स्वस्त संकलनांत ठरावीक काळाचीच गाणी का असतात, यामागे कायदा आहे. तो कळला की दुकानात वेळ वाचतो.

युरोपात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण आधी ५० वर्षं होतं. ते ७० करणारा बदल नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाला, आणि तोवर जे सुटलं होतं ते परत आत घेतलं नाही. त्यामुळे १९६२ च्या अखेरीपर्यंत प्रकाशित झालेलं तिथे मोकळं आहे आणि १९६३ चं २०३३ संपेपर्यंत बंद. म्हणूनच तिकडून येणाऱ्या चार सीडींच्या स्वस्त पेट्यांत क्रॉस्बी, कोल, एल्व्हिसची १९५७ ची गाणी, सिनात्राची १९५७ ची, एला फिट्झजेराल्डची १९६० ची, सगळे हजर. पण १९६३ चे जिम रीव्हज आणि निर्माता फिल स्पेक्टरचा त्याच वर्षीचा अल्बम गैरहजर. १९६२ ही भिंत आहे. अशा पेट्यांत गाणी मूळच असतात, फक्त बरेचदा एखाद्या चांगल्या एलपीवरून किंवा दुसऱ्याच्या सीडीवरून उतरवलेली. आवाज कधी कधी फारच गाळलेला असतो, झांजांचा सूं सूं जाऊन पाण्याखालून आल्यासारखा.

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाला प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६३ चं ध्वनिमुद्रण १ जानेवारी २०२४ ला मोकळं झालं. पण गाण्याच्या रचनेचे हक्क वेगळे, ते गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘व्हाइट ख्रिसमस’चे बर्लिन १९८९ मध्ये गेले, म्हणजे रचना २०४९ संपेपर्यंत संरक्षित. ‘जिंगल बेल्स’ १८५७ चं आणि ‘सायलेंट नाइट’ १८१८ चं, त्यांना कसलीच अडचण नाही. स्वस्त डिस्कवर या दोघांची पाच-पाच रूपं असतात त्याचं हेच कारण.

आणखी एक: आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ नुसार ध्वनिमुद्रणावर आणि वेष्टनावर निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापणं बंधनकारक आहे. भारतात छापलेल्या डिस्कवर यातलं काहीच नसेल तर ती चोरीची प्रत. परत ठेवा.

---

ऑर्लेमची_आंट

कायदा समजला. आता हातात डिस्क आहे, फुटपाथवर प्लेअर नाही. खराब आहे की नाही कसं कळणार?

---

खाच_आणि_सुई

खालची बाजू आधी. चांदीसारखी पांढरी म्हणजे कारखान्यात दाबलेली. हिरवट, निळसर किंवा जांभळट झाक म्हणजे घरी लिहिलेली सीडी-आर. ती घेऊच नका, तिच्यातला रंग उन्हाने आणि उष्णतेने उडतो. दाबलेल्या डिस्कच्या आतल्या पारदर्शक कड्याजवळ तिरक्या उजेडात बारीक ‘आयएफपीआय’ ही रोमन अक्षरं आणि पुढे सांकेतिक क्रमांक दिसतो. हा क्रमांक १९९४ पासून सुरू झाला, त्यामुळे त्याआधीच्या अस्सल डिस्कवर नसला तरी चालतं.

मग डिस्क उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर परावर्तक थर गेला आहे, त्या जागी डिस्क अडकणारच. लोक खालचे चरे बघून घाबरतात, पण खरा धोका वरच्या, छापील बाजूला असतो. खालून सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिक आहे, ते घासून चरा घालवता येतो. वर धातूच्या थरावर फक्त लाखेचा पातळ लेप. तिथला खोल चरा म्हणजे ती जागा कायमची गेली. बॉलपेनने नाव लिहिलेली डिस्कही याच कारणाने टाळा.

खालचे चरे गोलाकार असतील तर वाईट, आरपार केंद्रातून कडेकडे गेलेले असतील तर प्लेअर ते सहसा सांभाळून घेतो. पुसतानाही म्हणूनच केंद्राकडून कडेकडे, गोल कधीच नाही.

पावसात भिजलेलं बुकलेट डिस्कला चिकटलं असेल तर ओढू नका. दोन्ही एकत्र कोमट पाण्यात तासभर ठेवा, आपोआप सुटतं. बुकलेट चकचकीत कागदाचं असेल तर पानं एकमेकांना चिकटण्याआधी मधे बटर पेपर घालून वाळवा.

---

फिडेल

एमपी३ डिस्कना एवढं तुच्छ लेखू नका. शंभर गाणी, सरासरी तीन मिनिटं, म्हणजे पाच तास. १२८ केबीपीएस बिटरेटने (दर सेकंदाचे किलोबिट, जास्त तितका आवाज चांगला) ७०० एमबीत बारा तास बसतात, ३२० ने पाच तास जेमतेम. म्हणजे जागा कमी आहे म्हणून आवाज खालचा ठेवला, हे कारण शंभर गाण्यांच्या डिस्कला लागू पडत नाही. घरी संगणकात घालून फाइलचा बिटरेट बघा. २५६ किंवा ३२० असेल तर कारमध्ये आणि स्वयंपाकघरात काहीच तक्रार नाही. १२८ असेल तर घंटा, झांजा आणि मुलांचा कॉयर (गायनवृंद) लगेच किरकिरतो, आणि नाताळच्या गाण्यांत नेमकं तेच जास्त असतं.

---

जुनी_तबकडी

आता रेकॉर्डचं.

नाताळच्या एलपी आणि ईपी (मोजक्या गाण्यांच्या छोट्या तबकड्या) इतर रेकॉर्डपेक्षा जास्त झिजलेल्या मिळतात, कारण त्या पार्टीत, जड हाताच्या जुन्या प्लेअरवर वाजल्या. जुन्या क्रिस्टल पिकअपचं (सुई धरणाऱ्या भागाचं) खाचेवरचं वजन पाच-सहा ग्रॅम आणि वर, आजच्या चांगल्या कार्ट्रिजचं दीड ते तीन. खाच खणली गेली की कितीही धुतलं तरी फुटका आवाज जात नाही. एकाच दिव्याखाली तिरकी धरून बघा: चकचकीत काळी असेल तर ठीक, राखाडी फिकट पट्टा दिसला तर तिथलं गाणं गेलं. ‘सायलेंट नाइट’ सहसा बाजूच्या शेवटी, आतल्या गाण्यांत असतं, आणि तिथे खाचेचा वेग कमी झाल्यामुळे विकृती मुळातच जास्त. त्या गाण्याचा पट्टा आधी बघा.

एलपी आणि मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या ईपीला सुमारे १८ मायक्रॉनची सुई, ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीला सुमारे ७६ मायक्रॉनची. एलपीच्या सुईने ७८ वाजवली तर सुई खाचेच्या तळाशी घसरत राहते, नुसता खरखराट.

धुण्याचं पाणी: अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर, त्यात बिनवासाच्या भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. नळाचं पाणी शेवटी वापरू नका, क्षार खाचेत राहतात. लेबल भिजू द्यायचं नाही. काही जण आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकतात. व्हिनाइलला थोडं चालतं, पण ७८ ची लाखेची तबकडी अल्कोहोलने विरघळते. एकदा पुसलं की परत दुरुस्ती नाही.

मुंबईत आणखी एक: मऊ प्लॅस्टिकची जाड बाहेरची कव्हरं उन्हाळ्यात घाम सोडतात आणि रेकॉर्डवर दुधाळ ठिपके उमटवतात. ती काढून टाका, कागदी आतलं कव्हर आणि पॉलिथिनचं बाहेरचं वापरा. उभी ठेवा, आडवी रचू नका.

‘इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्टिरिओ केलेलं’ असं कव्हरवर असेल तर ते मूळ मोनो आहे, दोन कानांना वेगवेगळं फिल्टर आणि थोडा उशीर देऊन फुगवलेलं. कॅपिटॉल कंपनी याला ड्युओफोनिक म्हणायची. असं रेकॉर्ड संगणकात उतरवून घेताना दोन्ही चॅनल मिसळू नका, काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. जो चॅनल स्वच्छ, तोच एक घ्या.

---

सोपारेकर

ही दरवर्षी एक घ्यायची पद्धत परदेशातही आहे का?

---

जुनी_तबकडी

अमेरिकेत तर टायरच्या दुकानांनी ती रुजवली. गुडइयरने १९६१ पासून दर नाताळाला ‘द ग्रेट साँग्ज ऑफ ख्रिसमस’ नावाची एलपी एक डॉलरला विकली, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने तयार केलेली. पुढच्या वर्षीपासून फायरस्टोनने स्वतःची मालिका काढली, तिच्यात ज्युली अँड्र्यूजही आहेत. लोक टायर बदलायला गेले की त्या वर्षीचा भाग घेऊन यायचे. स्वस्त असूनही गायक अस्सल आणि ध्वनिमुद्रण उत्तम. परदेशातून आलेल्या कुणाच्या सामानातून यातली प्रत फोर्ट किंवा चोर बाजारात सापडली तर सोडू नका.

---

वसईची_कुसवार

सगळं इंग्रजीचंच चाललं आहे, म्हणून लिहिते. या शहरात आणि वसईत नाताळची गाणी मराठीत, कोकणीत, सामवेदी आणि वाडवळी बोलीतही गायली जातात. प्रोटेस्टंट चर्चांत ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली गीतं, त्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांची. बिंग क्रॉस्बी कुठेही मिळेल, उद्याही मिळेल. एखाद्या पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या मंडळींच्या) कॉयरने १९८०-९० च्या दशकात थोड्या प्रती काढून चर्चच्या आवारात विकलेली कॅसेट मात्र पुन्हा कुणीही छापणार नाही. तिचा मास्टर बहुतेक उरलेलाच नसतो. माझ्या मते दरवर्षीची खरेदी हीच असावी, आणि इंग्रजी संकलन दुसऱ्या क्रमांकावर.

मिळतात कुठे: आगमनकाळात चर्चच्या आवारात सेल लागतात, तिथे घरातलं जुनं सामान येतं. धार्मिक पुस्तकांच्या दुकानांत मागच्या शेल्फवर विचारावं. आणि आपल्याच इमारतीतल्या वयस्कर मंडळींना विचारावं, कारण त्या कॅसेट फेकायच्या पिशवीत असतात.

कॅसेटवर कॉयरचं नाव, पॅरिश, वर्ष, गीतकार लिहिलेलं नसतं. घेतानाच विचारून कागदावर लिहा आणि तो कागद डबीत ठेवा. नंतर कुणी सांगणारं राहत नाही.

---

ऑर्लेमची_आंट

वसईची_कुसवार, अगदी पटलं. पण या कॅसेटना पांढरी बुरशी असते. ती वाजवावी की नाही?

---

टेपरिपेअर_ग्रँटरोड

चांगल्या डेकमध्ये अजिबात नाही. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला आणि टेप दाबून धरणाऱ्या रबरी पिंच रोलरला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला जाते.

खिडकीतून आत बघा. टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरे-करडे ठिपके म्हणजे बुरशी. गुंडाळीची कडच तेवढी पांढरी असेल तर वाचते. टेप एकमेकांना चिकटून झटके देत सुटत असेल तर कठीण.

डबीला पाच स्क्रू असतील तर काम सोपं. टेबलावर पांढरा कपडा, तोंडाला मास्क, खिडकी उघडी, पंखा बंद. वरचं झाकण उचलताना दोन्ही हब, दोन घसरपट्ट्या, दोन छोटे रोलर आणि मधला फेल्टचा पॅड कुठे आहे त्याचा फोटो आधी काढा. रोलर उडाले की शोधत बसावं लागतं. गुंडाळीच्या कडा कोरड्या मऊ ब्रशने झाडा. मग एका टाकाऊ वॉकमनमध्ये टेप पुढे-मागे पूर्ण फिरवा, वाटेत टेप कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कपड्याच्या पट्टीवरून जाऊ द्या. ओलं काही लावू नका, टेपचा लेप सुटतो. दोन-तीन फेऱ्यांत कपडा स्वच्छ निघायला लागतो. शेवटी सगळं नव्या स्क्रूवाल्या डबीत हलवा. रिकामी डबी नसली तर कुठलीही नको असलेली चांगली कॅसेट उघडा.

डबी स्क्रूऐवजी चिकटवलेली असेल तर जोडावर बोथट पातं ठेवून हलके ठोका, कोपऱ्यापासून सुरुवात. टेपच्या बाजूला पातं आत जाऊ देऊ नका.

आवाज एकदम बसलेला, जणू उशीखालून येतो, आणि टेप स्वच्छ दिसते, तर फेल्टचा पॅड गळलेला असतो. त्याचा डिंक वीस-पंचवीस वर्षांत सुकतो. दुसऱ्या कॅसेटचा पॅड पत्तीसह काढून बसवा.

वाजवण्याआधी हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारा धातूचा दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पिंच रोलरला रबराचं क्लीनर, ते नसेल तर किंचित ओला कपडा. अल्कोहोलने रबर कडक होतं. ७० टक्क्यांचं औषधी अल्कोहोल घेऊ नका, उरलेलं पाणी असतं. लॅमिंग्टन रोडला ९९ टक्के मिळतं, प्लेअरचे बेल्टही तिथेच. बेल्ट मागताना जुना बेल्ट दुमडून सपाट लांबी मोजून न्या, मॉडेल क्रमांकावर दुकानदाराला विसंबायला लावू नका.

---

माझगावकर

टेपरिपेअर_ग्रँटरोड, खूप मोलाचं. उतरवून घेतानाची क्रमवारी पण लिहाल का? अझिमथबद्दल, म्हणजे हेडच्या कोनाबद्दल, लोकांना माहीत नसतं.

---

टेपरिपेअर_ग्रँटरोड

लिहितो. पॅरिशच्या कॅसेट घाईत, वेगवेगळ्या मशीनवर प्रती काढलेल्या असतात, हेडचा कोन प्रत्येकाचा वेगळा. तुमच्या डेकचा कोन जुळला नाही तर वरचे सूर जातात आणि कॉयर कांबळ्यातून गातो असं वाटतं. हेडच्या दोन स्क्रूंपैकी ज्याखाली स्प्रिंग आहे तो अझिमथचा. मूळ जागा मार्करने खूण करा. संगणकावर दोन्ही चॅनल एकत्र, मोनो करून ऐका आणि चुंबकत्व नसलेल्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने पाव-पाव फेऱ्यापेक्षाही कमी हलवत जा. ‘स’ आणि झांज सर्वांत स्पष्ट येईल तिथे थांबा. काम झालं की मूळ खुणेवर परत.

डॉल्बी बी (टेपची खरखर कमी करणारी सोय) वापरून भरलेली असेल तरच डॉल्बी चालू. कव्हरवर खूण नसेल तर बंद ठेवा. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास. वर उरलेली जागा वाया जात नाही, फाटलेला आवाज मात्र परत येत नाही. खरखर कमी करायचं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर चालवू नका. मूळ फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणारा फाइलप्रकार) जपा, साफसफाई प्रतीवर करा.

---

फिडेल

पुढचं संगणकाचं मी लिहितो. सीडी उतरवायला एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम, सिक्युअर मोडमध्ये. इतरांनी उतरवलेल्या प्रतींशी पडताळणाऱ्या अ‍ॅक्युरेटरिपच्या यादीत अनोळखी स्वस्त संकलनं बरेचदा नसतात, तेव्हा एकदा ‘टेस्ट अँड कॉपी’ करा आणि दोन्ही वेळचे सीआरसी (पडताळणीचे) आकडे सारखे आहेत का पाहा. सारखे असले की झालं.

टॅग, म्हणजे फाइलमधली गाण्याची माहिती, लावताना ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात सगळ्या गाण्यांना ‘विविध कलाकार’ असंच लिहा. हे राहिलं की एक डिस्क प्लेअरमध्ये वीस वेगवेगळ्या अल्बममध्ये फुटते. वर्षाच्या रकान्यात डिस्कचं वर्ष लिहू नका, ध्वनिमुद्रणाचं लिहा, नाहीतर १९४७ चं क्रॉस्बी २००४ चं होतं. आपल्याकडे आधीच असलेलं रेकॉर्डिंग पुन्हा आलं का हे पिकार्ड हा फुकट प्रोग्राम ध्वनीच्या ठशावरून ओळखतो. नाव वेगळं असलं तरी सापडतं.

आवाजाची पातळी हा नाताळच्या संकलनांचा मोठा त्रास. १९५० चं गाणं हळू, पुढचं १९९० च्या दशकातलं अंगावर येतं. आवाज सारखा करणारे रीप्लेगेन टॅग लावा आणि त्यातलं ट्रॅक गेन वापरा, अल्बम गेन नको, कारण इथे गाणी एका अल्बमची नाहीतच. पातळी उणे १८ एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप). कारचा प्लेअर हे टॅग वाचत नसेल तर एमपी३गेन या प्रोग्रामने फाइलच बदला. ते दीड डेसिबलच्या पायऱ्यांत बदल करतं आणि पुन्हा संकोचन करत नाही, म्हणून दर्जा जात नाही.

पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉर्मॅट करा. बऱ्याच जुन्या कार प्लेअरवर गाणी ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने वाजतात, नावाच्या नाही. म्हणून रिकाम्या ड्राइव्हवर एकदम, क्रमाने कॉपी.

---

ऑर्लेमची_आंट

सोसायटीच्या गच्चीवर २४ तारखेला लावायचं आहे. वेळेचं काय?

---

खाच_आणि_सुई

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षात १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्या वर्षीच्या यादीत २४ डिसेंबर आहे का, हे स्थानिक पोलिस ठाण्यात आधी विचारा. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. एका कोपऱ्यात मोठा स्पीकर ठेवण्यापेक्षा चार छोटे आतल्या बाजूला तोंड करून ठेवा, कमी आवाजात सगळ्यांना ऐकू येतं. रहिवाशांच्या बंद सभागृहात, त्यांच्यासाठीच रेकॉर्ड वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावलं किंवा बाहेरचा डीजे आणला की परवान्याचा प्रश्न येतो, तो आधी सोडवा.

---

सोपारेकर

शेवटचं विचारतो: घ्यायची नेमकी कधी? हिल रोडला डिसेंबरात गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले.

---

वसईची_कुसवार

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की भाव पडतात, तेव्हा पुढच्या वर्षाची घ्या. पण त्यानंतर पावसाळा आहे. हवाबंद डब्यात नारंगी सिलिका जेलची पिशवी घालून, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात ठेवा. जेल हिरवं झालं की ११० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये तापवलं की पुन्हा वापरता येतं. प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलच्या दुकानांत सुटं मिळतं.

---

जुनी_तबकडी

चोर बाजारात जाणार असाल तर मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात. शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जुन्या सामानाचा बाजार भरतो, तिथे उजेड नसतो, म्हणून टॉर्च न्या. राखाडी पट्टा तिरक्या उजेडाशिवाय दिसत नाही. दोन एए सेल घातलेला छोटा वॉकमनही बरोबर असू द्या, विक्रेते वाजवून बघू देतात. बुरशीची कॅसेट त्यात घालायची नाही, एवढं लक्षात ठेवा.